लिब्रेऑफिस २५.८ : डाउनलोडपासून पहिल्या मराठी पत्रापर्यंत

लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचाची २५.८ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्रे आणि अहवाल लिहिण्यासाठी रायटर, हिशेबाच्या तक्त्यांसाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस, आकृत्यांसाठी ड्रॉ, विदासंचासाठी बेस आणि गणिती सूत्रे मांडण्यासाठी मॅथ असे सहा घटक या एकाच संचात येतात आणि त्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. हा लेख ज्यांनी आजवर केवळ मायक्रोसॉफ्टचे वर्ड आणि एक्सेल वापरले आहे आणि ज्यांचे निम्म्याहून अधिक काम मराठीत चालते, अशा नवख्या वापरकर्त्यांसाठी आहे. संच इन्स्टॉल करणे सोपे असते. मात्र त्यानंतरच्या तासाभरात भाषा, फॉन्ट आणि फाइलचा प्रकार या तीन गोष्टी नीट लावल्या नाहीत, तर पुढचे अनेक महिने किरकोळ त्रास होत राहतो आणि त्याचे खापर विनाकारण सॉफ्टवेअरवर फुटते. त्यामुळे या तीन गोष्टींना लेखात अधिक जागा दिली आहे.

नाव आणि आवृत्ती नीट ओळखा

ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस ही नावे सारखी असल्याने नवख्या माणसाकडून पुष्कळदा चुकीचे सॉफ्टवेअर उतरवले जाते. दोघांचे मूळ एकच, म्हणजे जर्मनीतील स्टारऑफिस. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ मध्ये ते विकत घेतले आणि त्याचा स्रोत खुला करून ओपनऑफिसचा प्रकल्प सुरू केला. पुढे २०१० मध्ये सन ही कंपनीच ओरॅकलकडे गेली. तेव्हा प्रकल्पाच्या भवितव्याविषयी साशंक झालेल्या मंडळींनी २८ सप्टेंबर २०१० रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि लिब्रेऑफिस वेगळे झाले. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली. ओपनऑफिस आजही अपाची फाउंडेशनकडे आहे, परंतु त्याची ४.१ ही शेवटची मोठी आवृत्ती २०१४ मधली आहे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने लिब्रेऑफिसच निवडावे, हे मी कोणत्याही किंतुपरंतुशिवाय सांगेन.

आवृत्तीचा क्रमांक २०२४ पासून वर्ष आणि महिना यांवरून ठरतो, म्हणून २५.८ म्हणजे २०२५ चा ऑगस्ट. दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्ट या सुमारास एकेक मोठी आवृत्ती येते आणि तिच्यासाठी साधारण नऊ-दहा महिने दुरुस्त्या मिळत राहतात. क्रमांकातील तिसरा आकडा या दुरुस्त्यांचा असतो. २५.८.० ही अगदी ताजी आवृत्ती होय, तर २५.८.४ म्हणजे त्याच आवृत्तीत चार वेळा दुरुस्त्या झालेल्या आहेत. घरच्या संगणकावर नवे काय आले ते पाहायचे असेल, तर शून्याची आवृत्ती घ्यायला हरकत नाही; मात्र शाळा, पतसंस्था किंवा वकिलाचे कार्यालय अशा ठिकाणी तिसरा आकडा निदान तीनवर पोहोचेपर्यंत थांबलेले बरे. हा लेख वाचताना याहून पुढची आवृत्ती आलेली असली, तरी खालील पायऱ्यांमध्ये विशेष फरक पडू नये.

इन्स्टॉल करण्यापूर्वी संगणकाकडेही एकदा पाहावे. २५.८ साठी विंडोज १० किंवा त्यापुढची प्रणाली लागते आणि मॅकवर किमान मॅकओएस १०.१५ लागते. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती २५.२ ही होती. तिच्या जुन्या प्रती अधिकृत संकेतस्थळाच्या संग्रहात मिळतात, पण तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे, हे लक्षात ठेवून मगच ती घ्यावी.

डाउनलोड आणि इन्स्टॉल

संच लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या अधिकृत स्थळावरूनच उतरवावा. शोधयंत्रात वरच्या बाजूला दिसणाऱ्या जाहिरातींच्या दुव्यांकडे वळू नये. डाउनलोडचे बटण दाबल्यावर देणगीचे पान उघडते. ही देणगी ऐच्छिक असून ती दिली नाही तरी फाइल उतरतेच. मात्र मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांच्या ॲप दुकानांत हाच संच पैसे आकारून ठेवलेला आहे, त्यामुळे तेथे किंमत दिसल्यास गोंधळून जाऊ नये. विंडोजसाठीची फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास असते. मॅकवर इंटेलची चिप आहे की ॲपलची स्वतःची, हे पाहून त्यानुसार फाइल निवडावी लागते.

विंडोजवर फाइल चालवली की ‘टिपिकल’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय समोर येतात. बहुतेक जण सवयीने पहिला निवडतात. आपण ‘कस्टम’ निवडावा. तेथील यादीत ‘युझर इंटरफेस लँग्वेजेस’ या शीर्षाखाली मराठी शोधून ती खूण लावून घ्यावी, म्हणजे मेनू मराठीत पाहण्याची सोय राहते. शुद्धलेखनाच्या शब्दकोशांची यादीही येथेच असते. तीतून आपल्याला लागतील ते शब्दकोश निवडावेत. लिनक्स आणि मॅक यांच्यासाठी मात्र भाषेची जोड-फाइल वेगळी उतरवून मूळ संचानंतर चढवावी लागते.

मेनू मराठीत ठेवावेत की इंग्रजीत, यावर माझे मत असे की सुरुवातीचे दोन-तीन महिने ते इंग्रजीतच ठेवावेत. अडचण आल्यावर आपण जे साहाय्य शोधतो ते बहुतांश इंग्रजी नावांनीच लिहिलेले असते आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारीही ‘टूल्समध्ये जा’ असेच सांगतो. या लेखातही मेनूंची नावे त्याच रूपात दिली आहेत.

पहिल्यांदा उघडल्यावर

२५.८ पहिल्यांदा सुरू केल्यावर स्वागताची खिडकी येते आणि तेथेच पडद्याची मांडणी व रंगसंगती निवडता येते. वर्डच्या रिबनची सवय असलेल्यांना ‘टॅब्ड’ ही मांडणी जवळची वाटते, तर जुन्या पद्धतीच्या मेनूत रुळलेल्यांसाठी ‘स्टँडर्ड टूलबार’ आहे. निवड चुकली असे वाटल्यास ‘व्ह्यू’ मेनूतील ‘युझर इंटरफेस’ येथे जाऊन ती केव्हाही बदलता येते.

मराठीसाठीची जोडणी

ही पायरी घाईने उरकू नये. प्रथम संगणकात मराठी टाइप होत असल्याची खात्री करावी. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कळपाट मिळतो, आणि विंडोज १० च्या २०१९ मधील मोठ्या सुधारणेपासून रोमन अक्षरांवरून उच्चारानुसार मराठी उमटवणारा फोनेटिक कळपाटही त्याच ठिकाणी जोडता येतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबल्यास कळपाट बदलतो.

त्यानंतर रायटर उघडून ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’, ‘जनरल’ या क्रमाने जावे. येथे तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ‘लोकेल’, म्हणजेच तारीख, आकडे आणि चलन मांडण्याची प्रादेशिक पद्धत. हे मूळचे इंग्रजी (अमेरिका) असल्यास ते इंग्रजी (भारत) किंवा मराठी करावे. हा बदल केला नाही, तर कॅल्कमध्ये ५/८/२०२५ असे टाइप केल्यावर पाच ऑगस्टऐवजी आठ मे अशी तारीख धरली जाते आणि ही चूक डोळ्यांना चटकन दिसत नाही. भारतीय लोकेल ठेवल्यास स्वल्पविराम असलेल्या आकड्यांची मांडणीही लाख-कोटीच्या पद्धतीने, म्हणजे १२,३४,५६७ अशी होते आणि चलन म्हणून रुपया येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’. लिब्रेऑफिस रोमन लिपीतील मजकूर आणि देवनागरीसारख्या लिपींतील मजकूर असे दोन स्वतंत्र कप्पे मानते आणि प्रत्येक कप्प्याची भाषा, फॉन्ट व आकार वेगवेगळे ठेवते. या ओळीपुढील चौकटीत खूण असावी आणि भाषा म्हणून मराठी निवडलेली असावी. तेथे पुष्कळदा हिंदी आढळते. यादीतील भाषेच्या नावापुढे छोटी खूण दिसल्यास त्या भाषेची शुद्धलेखन तपासणी उपलब्ध आहे, असे समजावे. मराठीपुढे ती दिसत नसेल, तर लिब्रेऑफिसच्या विस्तारांच्या, म्हणजे संचाला जोडायच्या जादा सुविधांच्या, स्थळावरून मराठी शब्दकोश उतरवून ‘टूल्स’मधील ‘एक्स्टेन्शन्स’ येथून जोडावा.

भाषा हिंदी राहिली तर काय बिघडते, असा प्रश्न येथे पडू शकतो. शुद्धलेखन तपासणी चुकीच्या भाषेत होते, ही उघड गोष्ट झाली. पण अक्षरांचे वळणही बदलू शकते. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत एकाच अक्षराची हिंदी आणि मराठी अशी दोन रूपे साठवलेली असतात आणि मजकुराची भाषा पाहून त्यांपैकी एक उमटते. अशा फॉन्टात ‘शाळा’ किंवा ‘लेखन’ असा शब्द टाइप करावा, तो निवडावा आणि खालच्या पट्टीवर दिसणाऱ्या भाषेच्या नावावर टिचकी मारून हिंदीऐवजी मराठी करावे. श आणि ल आपले रूप बदलतात. राज्य शासनाने वर्णमालेसाठी मान्य केलेले देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल मराठी ही भाषा निवडल्यावरच मिळतात. शाळेची प्रश्नपत्रिका किंवा बालवाडीचे तक्ते तयार करणाऱ्यांना या फरकाचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘फॉर द करंट डॉक्युमेंट ओन्ली’ ही चौकट. तिच्यात खूण असल्यास केलेला बदल समोरच्या फाइलपुरताच राहतो. कायमचा बदल हवा असेल, तर ती रिकामी ठेवावी.

आता त्याच ‘ऑप्शन्स’ खिडकीत ‘लिब्रेऑफिस रायटर’ खाली ‘बेसिक फॉन्ट्स’ असे दोन पर्याय दिसतील, एक पाश्चात्त्य लिपींसाठी आणि दुसरा कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी. दुसऱ्यात आपला देवनागरी फॉन्ट आणि आकार ठरवून द्यावा. शीर्षकाची शैली बदलायला गेलेला नवखा माणूस आकार १४ चा २० करतो, ‘ओके’ दाबतो आणि मराठी शीर्षक होते तेवढेच राहते. याचे कारण त्याने खिडकीतील वरच्या, म्हणजे रोमन कप्प्याचा आकार बदललेला असतो. देवनागरीचा कप्पा त्याच खिडकीत खाली असतो आणि तोही भरावा लागतो. दोन्ही आकार सारखेच ठेवू नयेत. बहुतेक देवनागरी फॉन्ट शेजारच्या रोमन अक्षरांपेक्षा लहान भासतात, म्हणून रोमन १२ असेल तर देवनागरी १३ किंवा १४ ठेवल्यास पान नेटके दिसते. सगळे मनाजोगते झाल्यावर ‘फाइल’, ‘टेम्प्लेट्स’, ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ येथे जाऊन तो साचा मूळ साचा म्हणून ठेवावा, म्हणजे प्रत्येक नवी फाइल याच मांडणीत उघडेल.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टांतील फाइली ज्यांच्याकडे साठलेल्या आहेत, त्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. त्या फाइलींत मराठी अक्षरे साठवलेली नसून इतर अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, आणि विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रायटरमध्ये अगम्य चिन्हेच दिसणार, आणि तसे वर्डमध्येही होते. असा मजकूर आधी रूपांतरकातून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणावा, जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत आणि मग कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबून तो रायटरमध्ये चिकटवावा. या पद्धतीने जुने स्वरूपण सोबत येत नाही.

फाइल कोणत्या प्रकारात ठेवावी

लिब्रेऑफिसचा स्वतःचा प्रकार ओपन डॉक्युमेंट हा असून २००६ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला. रायटरची फाइल ओडीटी, कॅल्कची ओडीएस आणि इम्प्रेसची ओडीपी या विस्ताराने साठते. वर्डच्या डॉकएक्स आणि एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फाइलीही हा संच उघडतो आणि त्या प्रकारांत साठवतो, २५.८ मध्ये डॉकएक्समधील शब्दांमधले अंतर आणि ओळीअखेरचे शब्द तोडणे वर्डशी अधिक जुळेल, अशा सुधारणा झाल्या आहेत. तरीही एका प्रकारातून दुसऱ्यात आणि पुन्हा पहिल्यात असे वारंवार केल्यास गुंतागुंतीचे तक्ते आणि चौकटी हळूहळू हलतात. म्हणून आपली मूळ प्रत ओडीटीत ठेवावी, समोरच्याला त्यात बदल करायचे असतील तर डॉकएक्स द्यावी आणि केवळ वाचायचे असेल तर पीडीएफ पाठवावी. ज्या कार्यालयात बाकीचे सगळे वर्डच वापरतात, तेथे मात्र ‘लोड/सेव्ह’मधील ‘जनरल’ येथे साठवण्याचा मूळ प्रकार वर्डचाच ठेवणे व्यवहार्य ठरते. तत्त्वासाठी रोज सहकाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वर्डच्या कॅलिब्री आणि कँब्रिया या फॉन्टांऐवजी त्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट लिब्रेऑफिससोबत येतात, त्यामुळे इंग्रजी मजकुराची पाने फारशी सरकत नाहीत. मराठीसाठी अशी आयती सोय नाही. मंगल किंवा निर्मला या विंडोजमधील फॉन्टांत केलेली फाइल लिनक्सवर उघडली की ओळी बदलतात आणि दोन पानांचे पत्र तिसऱ्या पानावर जाते. यावर उपाय म्हणजे दोन्हीकडे मुक्ता किंवा नोटो असा मोफत मिळणारा फॉन्टच वापरणे, किंवा ‘फाइल’मधील ‘प्रॉपर्टीज’ येथे ‘फॉन्ट’ या कप्प्यात जाऊन फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करणे.

पीडीएफ करताना २५.८ मध्ये पीडीएफ २.० हा नवा पर्याय दिसेल. सरकारी संकेतस्थळावर किंवा परीक्षेच्या अर्जासोबत फाइल चढवायची असल्यास त्याच्या वाटेला जाऊ नये, मूळ निवड तशीच ठेवावी.

कॅल्कमधील नवी सूत्रे

गेल्या काही आवृत्त्यांत सर्वाधिक भर पडली ती कॅल्कमध्ये. २४.८ मध्ये एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट आणि युनिक ही सूत्रे आली, २५.२ मध्ये ‘डेटा’ मेनूत पुनरावृत्त नोंदी शोधून काढण्याची सोय झाली, आणि २५.८ मध्ये मजकूर तोडणारी टेक्स्टस्प्लिट, टेक्स्टबिफोर, टेक्स्टआफ्टर आणि तक्ते जोडणारी व्हीस्टॅक, एचस्टॅक अशी सूत्रे मिळाली. येथे नावे देवनागरीत दिली असली, तरी खणात ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

समजा, गृहनिर्माण संस्थेच्या तीन इमारतींच्या देखभाल शुल्काच्या याद्या तीन पानांवर आहेत आणि प्रत्येकीत सदनिका, नाव आणि थकबाकी असे तीन स्तंभ आहेत. पूर्वी त्या एकाखाली एक चिकटवाव्या लागत. आता चौथ्या पानाच्या पहिल्या खणात बरोबरचे चिन्ह देऊन व्हीस्टॅक लिहावे, कंसात तिन्ही याद्यांच्या कक्षा स्वल्पविरामाने द्याव्यात आणि कंट्रोल, शिफ्ट व एंटर या कळा एकत्र दाबाव्यात. तिन्ही याद्या सलग दिसू लागतात. मूळ पानावर थकबाकीचा आकडा बदलला की येथेही तो बदलतो. पुढील स्तंभांत फिल्टर हे सूत्र घेऊन त्याला ही एकत्रित यादी आणि ‘थकबाकी शून्याहून अधिक’ ही अट दिली की केवळ थकबाकीदार उरतात, आणि ती यादी थेट सूचनाफलकासाठी छापता येते. निकालाची जागा सूत्र भरतानाच ठरत असल्याने मूळ याद्यांमध्ये ओळी वाढल्यास सूत्र पुन्हा भरावे लागू शकते. अशी फाइल एक्सेल २०१६ किंवा २०१९ वापरणाऱ्या लेखापरीक्षकाला पाठवायची असेल, तर त्या आवृत्त्यांना ही सूत्रे कळत नाहीत. म्हणून निकालाची नक्कल करून ‘पेस्ट स्पेशल’मधून केवळ मूल्ये चिकटवावीत आणि मग पाठवावे.

सुरक्षितता आणि खासगीपण

वीज गेल्यास काम वाचावे यासाठी ठरावीक वेळाने आपोआप नोंद ठेवण्याची आणि आधीची प्रत राखण्याची सोय २४.२ पासून मुळातच चालू असते. नोंदीची वेळ ‘लोड/सेव्ह’ येथे कमी करून पाच मिनिटांवर आणावी, विशेषतः जेथे भारनियमन नेहमीचे आहे तेथे.

फाइलीसोबत लेखकाचे नाव, संपादनास लागलेला वेळ, छपाईयंत्राचे नाव अशी माहितीही जाते. निविदा किंवा निनावी परीक्षण पाठवताना हे अडचणीचे ठरते. ‘ऑप्शन्स’, ‘सिक्युरिटी’ येथील ‘ऑप्शन्स’ या बटणाखाली साठवताना वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा पर्याय आहे आणि काय ठेवायचे, काय काढायचे हेही तेथे स्वतंत्रपणे ठरवता येते.

काय मिळणार नाही

आउटलुकसारखा मेलचा कार्यक्रम या संचात नाही, ऑनलाइन साठवण नाही आणि एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी ब्राउझरमधून काम करण्याची सोय मूळ संचात नाही. एक्सेलमध्ये लिहिलेले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, काही प्रमाणात चालतात, पण ज्या कार्यालयाचे वेतनपत्रक अशा मॅक्रोंवर उभे आहे, त्याने ते आधी एका संगणकावर तपासून पाहावे आणि तोवर जुनी व्यवस्था मोडू नये. मोठ्या कार्यालयांनाही हे स्थित्यंतर टप्प्याटप्प्यानेच करावे लागते. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आपले सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केला, तोही असाच पायऱ्यापायऱ्यांनी राबवण्यासाठी.

अडचण आल्यास

विंडोजवर नवी आवृत्ती चढवली की ती जुनीची जागा घेते आणि आपली सेटिंग्ज कायम राहतात. त्यानंतर मेनू गायब होणे, संच अचानक बंद पडणे असे काही घडू लागले, तर सगळे काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी ‘हेल्प’मधील ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ हा पर्याय वापरावा. संच नव्या सेटिंग्जसह उघडतो; त्या स्थितीत दोष दिसला नाही, तर बिघाड एखाद्या विस्तारात किंवा जुन्या सेटिंग्जमध्ये आहे असे समजावे आणि त्याच खिडकीतून विस्तार बंद करून पाहावेत. त्यानेही भागले नाही, तर सेटिंग्ज मूळ स्थितीत आणाव्यात. मात्र तसे केल्यावर वर सांगितलेली लोकेल, भाषा आणि फॉन्ट यांची जोडणी पुन्हा करावी लागेल. देवनागरी अक्षरे तुटणे किंवा जोडाक्षर चुकीचे उमटणे असा दोष आढळल्यास फाउंडेशनच्या बगझिला या तक्रार नोंदवहीत खाते उघडून तो कळवता येतो. तेथे आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, फॉन्टचे नाव आणि दोष दाखवणारी एका ओळीची छोटी फाइल जोडावी. चाळीस पानांच्या अहवालापेक्षा अशा छोट्या फाइलीवरून दोष लवकर सापडतो.